घर तुमचंच समजा

अरीबा, ते अमेरिकेतल्या कॉलेजचं पत्र घडी घालून ठेव आणि शेगडीजवळ सरकून बस. फहाद, तूही तो मोबाइल पालथा ठेव. बहरीनच्या या झल्लाक किनाऱ्यावर या वेळी आपल्याशिवाय कुणी नाही, म्हणून सांगतो. तुमचा हा जमालुद्दीनचाचा थापा मारतो असं वाटलं, तर रिफाला जाऊन ताहिरला विचारा. मात्र दिवसा विचारा. रात्री तो या विषयावर तोंड उघडत नाही.

ताहिर आमच्या श्रीवर्धनचा, एसी दुरुस्तीचं काम करतो. तेव्हा तो अदलियात एका जुन्या बैठ्या घरात भाड्याने राहायचा. बायको शरीफुन्निसा महिनाभर माहेरी गेलेली, आणि एकुलती एक लेक सुहा चारच दिवसांपूर्वी शिकायला अमेरिकेत पोचलेली. मागच्या ऑगस्टची एकोणीस तारीख, मंगळवारची रात्र. काम अगदी साधं होतं. सुहाने एक खोली शोधली होती. ती अब्बाने फोनवर बघायची आणि हो म्हणायचं. तिथल्या संध्याकाळी पाचच्या आत, म्हणजे आपल्या रात्री एकच्या आत. नाही म्हटलं तर पोर रस्त्यावर, कारण त्या गावात दुसरी खोलीच शिल्लक नव्हती.

गावही कसलं ते ऐका. सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे नुसता रेल्वेचा थांबा होता. इंजिनाला पाणी पाजायची टाकी आणि चार दुकानं. मग कॉलेज आलं. कॉलेजमागून पोरं आली, पोरांमागून घरं, घरांमागून हॉटेलं. आता दर पंधरा-वीस वर्षांनी गाव दुप्पट होतं म्हणे. मी ताहिरला म्हटलं होतं, याला वाढणं म्हणत नाहीत रे, सूज म्हणतात. शनिवारी मॅच असली की लाखभर माणसं एका रंगाचे कपडे घालून बोंबलणार, आणि रविवारी शेजाऱ्याचं नाव विचाराल तर कुणाला ठाऊक नाही. सगळे चार वर्षांचे पाहुणे. ऑगस्टात एकाच आठवड्यात अर्धं गाव घर बदलतं आणि जुन्या गाद्या रस्त्यावर फेकतं. मला चीड येते असल्या गावाची. आपणही इथे व्हिसावरचे पाहुणेच, पण शेजारी वाटीभर सालन तरी पोचवतो.

सुहाची खोली होती त्या भागात पूर्वी मजुरांची वस्ती होती. कॉलेजच्या भिंती बांधणारी, कॉलेजातल्या साहेबांचे कपडे धुणारी माणसं. पुढे कॉलेजला दारासमोर हिरवळ हवीशी झाली. मग काय, खलास. एका हिवाळ्यात सगळी वस्ती उठवली. नव्या पोरांना बसमधून गाव दाखवतात तेव्हा हे सांगतात, आणि लगेच आइस्क्रीम वाटतात. सुहानेच हे बापाला सांगितलं, हसत हसत.

पाऊण वाजता तिचा व्हिडिओ कॉल आला.

"काय गो, जेवलीस का?" ताहिर म्हणाला.

"यस अब्बा. नाउ लुक, फास्ट. माझ्या मागे सिक्स पीपल वेटिंगवर आहेत."

"आधी नळ बघ. पानी येतंय काय?"

त्याचा जीव पाण्यात आणि वायरिंगमध्ये. सुहाने फोन खिडकीत टेकवून ठेवला आणि ती न्हाणीघरात गेली.

ताहिर खोली न्याहाळत बसला. त्याच्या खिडकीबाहेर अंधार, आणि फोनमध्ये लख्ख ऊन. खोलीच्या कोपऱ्यात लाकडी खुर्चीवर एक म्हातारी बसली होती. हात मांडीवर. उन्हाकडे पाठ, त्यामुळे तोंड नीट दिसेना. ताहिरला वाटलं, घरमालकीण असणार.

आता आपला कोकणी माणूस. समोर म्हातारं माणूस बसलेलं आणि हा गप्प राहील? त्याने सलाम केला. मोडक्या इंग्रजीत सांगितलं, मॅडम, एकच मुलगी आहे, लक्ष असू द्या. मग त्याने ते केलं जे आपण सगळेच करतो. दारात मीटर वाचायला आलेल्या माणसालाही आपण म्हणतो, या कधी घरी. मनात असो की नसो. ताहिर म्हणाला, "कम टू बहरीन, मॅडम. माय हाउस, युअर हाउस." तिथे थांबला असता तरी चाललं असतं. पण नाही. घर नंबर, रोड नंबर, ब्लॉक नंबर, सगळं नीट सांगून मोकळा झाला.

म्हातारीने मान हलवली. एकदाच.

सुहा बाहेर आली. "पाणी ओके आहे, अब्बा. हू वेअर यू टॉकिंग टू?"

"मालकीनबायशी. त्या खुर्चीवर बसल्यात ना."

सुहाने कोपऱ्याकडे पाहिलं आणि हसली. "व्हॉट खुर्ची? रूम एम्प्टी आहे. अँड द ओनर इज अ मॅन."

ताहिरने पुन्हा फोनमध्ये पाहिलं.

खुर्ची तिथेच होती. रिकामी. म्हातारी सुहाच्या मागे उभी होती.

"अब्बा? स्क्रीन फ्रीज झाली का?"

बारा वाजून पंचावन्न मिनिटं. घड्याळ समोरच होतं, म्हणून त्याला पक्कं आठवतं. ओरडावंसं वाटलं. पण ओरडला तर पोर मागे वळणार, आणि वळली तर...

"सुहा. फोन तिथंच राहू दे. सरळ दाराकडे जा. मागे बघू नकोस."

"अब्बा, फाइव्ह मिनिट्स उरलेत. जस्ट से यस."

"जा म्हणतो ना."

बापाचा तो आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता. ती दाराकडे गेली. मूठ फिरवली. पुन्हा फिरवली.

"उघडत नाहीये..."

म्हातारी एक पाऊल पुढे आली. मग आणखी एक. तिचा हात वर झाला. सुहाच्या केसांपर्यंत.

हजारो मैलांवर बाप. हातात फक्त फोन. करणार काय? संकटात म्हणतात ती आयतुल कुर्सी म्हणायला गेला, तर तीही अर्धीच आठवली. मग तो म्हणाला, आणि आता इंग्रजी वगैरे सुचलं नाही त्याला.

"बाय, पोरीला हात लावू नका. दावत मी दिलीय. माझ्याकडे या. आत्ताच या."

हात थांबला.

म्हातारी वळली. फोनकडे चालत आली. हळू. फोनमधलं ऊन झाकत गेलं. खिडकी गेली. भिंत गेली. मग नुसता काळोख...

पाच मिनिटांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. सुहा रडत होती. दार एकदम उघडलं होतं, ती पळत खाली आली होती, कुणा मुलीचा फोन मागून बोलत होती. आजची रात्र त्या मुलीकडेच राहणार होती. ताहिरही रडला. अल्लाचे आभार मानले. ठेवला फोन.

एक वाजून दहा मिनिटांनी त्याच्या दाराची बेल वाजली.

एकदाच.

तो उठला नाही. बसून राहिला. बाहेर गाडी नाही, कुत्रं नाही, काही नाही. मग त्याच्या मनात आलं, दार उघडलं नाही, तर ती परत कुठे जाईल?

त्याने दार उघडलं. रस्ता रिकामा. दिव्याचा पिवळा उजेड...

"या," तो म्हणाला. आणि बाजूला झाला.

कुणी आत आलं नाही. पण आत, स्वयंपाकघरात, कपाट उघडल्याचा आवाज झाला.

ताहिर तसाच अनवाणी बाहेर पडला. मशिदीच्या पायरीवर बसून राहिला. पहाटेची अजान झाली, नमाज झाली, तेव्हा कुठे तो उठला.

परतला तेव्हा उजाडत होतं. घरासमोर, रस्त्याच्या कडेला, त्याचं सामान मांडलेलं होतं. गादी गुंडाळलेली. कपडे घडी घातलेले. शरीफुन्निसाची पातेली एकात एक. हत्यारांची पेटी. पासपोर्ट, तोही वर ठेवलेला. त्याने दाराला किल्ली लावली. कुलूप उघडलं, दार उघडेना. आतून कडी होती.

घर तुमचंच म्हणाला होता. तिने घेतलं. तिचं घर कॉलेजने एकदा काढून घेतलेलं होतंच ना...

मग त्याच्या लक्षात आलं. सामान सगळं बाहेर होतं. सुहाचं काहीच नव्हतं. एक वहीसुद्धा नाही. तो घराला वळसा घालून तिच्या खोलीच्या खिडकीशी गेला. काचेला डोळे लावले. सुहाच्या पलंगावर पांढरी चादर घातलेली. एक सुरकुती नाही. वरच्या पांघरुणाचा कोपरा दुमडलेला, आपण झोपायला येणाऱ्या माणसासाठी दुमडतो तसा.

दुपारी घरमालकाने माणसं आणून कडी तोडली. आत कुणी नव्हतं. ताहिरने त्याच दिवशी घर सोडलं. सुहाच्या खोलीतल्या वस्तूंना हात लावायची मात्र कुणाची छाती झाली नाही, त्याचीही नाही.

कॉलेजच्या हॉस्टेलात पुढे एक जागा रिकामी झाली, सुहा आता तिथे आहे, ठीक आहे. डिसेंबरात तिला सुट्टी आहे. अब्बा, तिकीट काढू का, म्हणून रोज विचारते. इंशाल्ला, इंशाल्ला, एवढंच तो म्हणतो. तिला कारण सांगितलेलं नाही.

परवा मी कामाने अदलियात गेलो होतो. त्या घराला भाडेकरू मिळालेला नाही. दाराला बाहेरून मालकाचं मोठं कुलूप आहे, वीज तोडलेली आहे. मी मागे जाऊन खिडकीतून पाहिलं.

सुहाच्या पलंगावरची चादर आता निळी होती. धुतलेली, कडक इस्त्रीची.