लाल दिवा आणि सुका कचरा

गाणं स्वच्छ झालं, तर ऐकणाऱ्याचा चेहरा का पडावा?

रविवारी सकाळी जुईला हेच कोडं पडलं. तिचे आप्पाआजोबा जन्मभर ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारे) होते खरे, पण कॉलेजात असताना त्यांनी एका रॉक बँडमध्ये ड्रम बडवले होते. ‘बडवले’ हा आजीचा शब्द! नाशिकजवळच्या बेदाण्याच्या गोदामात त्या मंडळींनी एकच गाणं टेपवर घेतलं होतं. आजी गेल्यापासून आजोबा दर रविवारी ते आपल्या खोलीत एकटेच ऐकत. आज त्यांचा वाढदिवस, म्हणून जुईनं घरकाम करणाऱ्या ‘चकाचक’ नावाच्या रोबोला फर्मावलं होतं, “या गाण्यातला सगळा कचरा काढ बरं!”

गाणं संपलं. तरी आजोबा अजून काही ऐकू येईल म्हणून कान देऊनच होते.

“छान केलंस हो,” ते म्हणाले. मग हळूच पुटपुटले, “पण शकू कुठे गेली?”

शकू म्हणजे आजी.

“आजी गाण्यात होती?”

“होती ना. आमचं ध्वनिमुद्रण (आवाज टिपून ठेवणं) चालू होतं. ‘आत येऊ नका’ म्हणून दाराशी लाल दिवा लावलेला. शेवटचा सूर वाजतोय, तर एक मुलगी सरळ आत आली आणि मोठ्यांदा विचारते, ‘अय्या, हा लाल दिवा कशाला लावलाय?’ तीच तुझी आजी. आमची पहिली भेट.”

“पण आजीचे व्हिडिओ आहेत की आपल्याकडे.”

“त्यांत ती आजी आहे, बाळा. इथे ती कॉलेजातली मुलगी आहे.”

झालं! जुईला रडूच फुटलं. मूळ टेप बुरशी लागून केव्हाच वाया गेली होती, आणि चकाचकनं संगणकातल्या जुन्या नकलेच्या जागी नवी ठेवली होती. म्हणजे जुईनंच आजी पुसली होती.

आजोबांनी तिला जवळ घेतलं. “रडू नकोस गं. चूक आमच्या माइकची. फार भोळा! आवाज म्हणजे हवेची थरथर. गायक कोण नि आगंतुक कोण, माइकला काय कळतंय? आली थरथर की घेतली पदरात. म्हणून तर जुन्या रॉक गाण्यांत असं काहीबाही सापडतं. कुठे खुर्ची करकरते, कुठे कुणी खोकतो.”

“मग गाणं ऐकताना ते कळत कसं नाही?” जुईनं नाक पुसत विचारलं.

“ढोलाशेजारी कुजबुज ऐकू येते का? मोठा आवाज लहानाला झाकतो. याला आच्छादन म्हणतात. पण शेवटी गिटारचा सूर विझत चालला, तसा टेप सांभाळणारा आमचा मित्र आवाज वाढवत गेला, सूर लांबावा म्हणून. सुराबरोबर सगळंच मोठं झालं. त्यात शकूबाई आल्या!”

आजोबा हसले आणि एकदम थांबले. “चकाचक, काढलेल्या कचऱ्याचं काय केलंस?”

“नियमाप्रमाणे वर्गीकरण,” चकाचक म्हणाला. “कचरा फेकायचा नसतो, वेगळा ठेवायचा असतो. आवाज ओला नव्हता, म्हणून सुक्याच्या डब्यात ठेवला.”

जुई ताडकन उठली. तेवढ्यात भिंतीवरच्या पडद्यातून टणटण ऐकू आलं. पालिकेची डिजिटल घंटागाडी! यंत्रांमधला नको असलेला माल ती दर रविवारी घरोघरून घेऊन जाई आणि कायमचा नष्ट करी.

“घंटा वाजली की डबा दारात,” म्हणत चकाचकनं पडद्यावरचा डबा उघडला.

“अरे, थांब! आज काही नाही म्हणून सांग!”

“डबा भरलेला आहे. खोटं बोलता येणार नाही.”

“खोटं कुठाय? तो कचरा नाहीच! माझी आजी आहे ती!”

चकाचकचा हिरवा दिवा लुकलुकला. “आजी कोणत्याही यादीत नाही, ओल्याच्या नाही, सुक्याच्या नाही,” तो म्हणाला आणि त्यानं झाकण लावलं. टणटण पुढच्या घरी गेली. जुई धपकन खाली बसली.

“हुश्श! आता, आजोबा?”

“आता बेरीज. संगणकाच्या लेखी आवाज म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. यानं प्रत्येक आकड्यातून थोडा भाग वजा केला. पीठ चाळून कोंडा काढावा, तसा.”

“मग पीठ आणि कोंडा परत मिसळला की मूळचंच पीठ!”

“शाब्बास! फक्त ज्याचा कोंडा त्याच्याच पिठात जायला हवा.”

जुईनं दोन्ही आवाज एकत्र लावले. पण शी! धप वाजे, आणि मागून कुठूनतरी च्यूक येई.

“ही पायानं ड्रम वाजवायच्या माझ्या पेडलची कुरकुर,” आजोबा म्हणाले. “तेल घालायचा कंटाळा! पण विचार कर, पेडल आधी दाबतात की ड्रम आधी वाजतो?”

“पेडल आधी!” जुईनं डब्यातला आवाज पडद्यावर बोटानं हळूहळू मागे सरकवला. धप-च्यूक. अजून थोडा. च्यूक-धप, च्यूक-धप! जी कुरकुर जुईनं कचरा म्हणून काढायला लावली होती, त्या कुरकुरीनंच नेमकी जागा दाखवली.

गाणं शेवटाला आलं. सूर विझू लागला, खुर्ची करकरली, आणि दारातून एक खट्याळ आवाज आला, “अय्या, हा लाल दिवा कशाला लावलाय?”

“तू यावीस म्हणून गं,” आजोबा दर रविवारसारखं म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते आणि ते चक्क हसत होते.

दुपारी जुई स्वतःचं गाणं ध्वनिमुद्रित करायला बसली. निम्म्यातच स्वयंपाकघरातून आजोबा ओरडले, “जुई, धिरडं गार होतंय!”

चकाचक पुढे सरसावला. “कचरा काढू?”

“मुळीच नाही,” जुई म्हणाली. “माझ्या नातवंडांना लागेल तो.”