ताऱ्याच्या आड

डिसेंबरात उज्जैनला सहा-साडेसहालाच आकाश दुर्बीण लावण्याजोगं होतं. मी कॉलेजमधून यायचे, चहा घ्यायचे आणि माझा नवरा विक्रांत बँकेतून परतायच्या आत फ्रीगंजमधल्या आमच्या छतावर दुर्बीण मांडून मोकळी व्हायचे. मी फिजिक्स शिकवते. संशोधन काय करते हे ऐकून नातेवाइकांची जरा निराशाच होते, कारण त्यात ग्रहांचे रंगीत फोटो नसतात की राशी नसतात. मी तारे झाकले जायची वाट बघते.

सूर्याभोवती फिरणारा एखादा लघुग्रह, आमच्या दुर्बिणीला न दिसणारा, कधीकधी एखाद्या ताऱ्याच्या बरोबर समोरून जातो. तेवढा वेळ तारा दिसेनासा होतो. दोन-तीन सेकंद, बस. ताऱ्याच्या उजेडातली त्या दगडाची सावली पृथ्वीवरून सरकत जाते आणि त्या सावलीच्या पट्ट्यात जो बसला असेल त्यालाच हे दिसतं. दोघं वेगवेगळ्या जागी बसले, तर दोघांच्या वेळा जुळवून त्या न दिसणाऱ्या दगडाचा आकार काढता येतो.

आमच्यातला दुसरा म्हणजे अनय मुंगी. इंदूरला एमएस्सीला आम्ही एका बाकावर होतो. वडील गेल्यावर पुण्यातली नोकरी घरून करायची परवानगी घेऊन तो उज्जैनच्याच टोकाला, भैरवगढला, आईजवळ परत आला. कॉम्प्युटरचं काम त्याचं. त्याचा प्रोग्राम हजारो काल्पनिक दगड तयार करायचा, एकेकाला ताऱ्यासमोरून पाठवायचा, आणि ज्याच्यामुळे आमच्यासारख्या वेळा येतील तेवढा ठेवून बाकीचे टाकून द्यायचा. त्याच्या छतावरून क्षिप्रा दिसते. आजूबाजूच्या छतांवर छापाच्या चादरी वाळत असतात आणि संध्याकाळी हवेत रंगाचा ओला, आंबूस वास असतो.

त्या दिवशी सावली दोघांच्याही छतांवरून जाणार होती. माझा तारा ठरल्या वेळी गेला, दोन सेकंदांनी आला. मी खुशीत फोन लावला.

"अश्लेषा, थांब जरा," अनय म्हणाला. "माझा तारा आलाच नाही अजून."

"ढग?"

"कसले ढग यार! शेजारचे तारे साफ दिसतायत. फक्त हाच गायब आहे."

आम्ही बोलत असतानाच तारा परत आला. रेकॉर्डिंग पाहिलं तर मिनिटभर तो नव्हता. त्याच्या प्रोग्रामनं ती वेळ साफ नाकारली. एवढा मोठा लघुग्रह असता, तर जगभरच्या दुर्बिणींना तो कधीच सापडला असता. कॅमेऱ्याचा दोष म्हणून आम्ही ते बाजूला ठेवलं.

आठवड्यानं दुसरा लघुग्रह आला, दुसरा तारा, आकाशाची दुसरी बाजू. अनयनं कॅमेराही बदलला होता. या वेळी त्याचा तारा ठरल्या वेळेच्या आधीच गेला आणि पहिल्यापेक्षा जास्त वेळ गेला. माझा मात्र शहाण्यासारखा वागला.

"जवळचं काहीतरी आहे," मी म्हटलं. "संक्रांत आली. कोणाची तरी पतंग असेल."

"पतंग एका जागी एवढा वेळ उभी राहते?"

ते शोधायचा उपाय सोपा होता. मी माझी दुर्बीण स्कूटरवर बांधून भैरवगढला नेली आणि त्याच्या छतावर, त्याच्या दुर्बिणीपासून काही हातांवर लावली. लघुग्रह कोट्यवधी किलोमीटर दूर असतो. त्यानं झाकलेला तारा दोन्ही दुर्बिणींतून एकदमच जायला हवा. जवळची वस्तू असेल तर एकीतून आधी, दुसरीतून नंतर.

अहल्याकाकू, म्हणजे अनयची आई, पोहे घेऊन वर आल्या. "बेटा, तुम्ही दोघं थंडीत काय बघता रोज?" त्यांनी विचारलं.

"काकू, तारा जाताना बघतो."

"जाताना कशाला बघायचं?" असं म्हणून त्या खाली गेल्या.

त्या संध्याकाळी लघुग्रह येणारच नव्हता. सहज एक ठळक तारा धरला होता. अनयच्या दुर्बिणीतून तो गेला. माझ्या दुर्बिणीत तो अजून चमकत होता. मी मनात म्हटलं, चला, दुर्बीणच खराब आहे त्याची. मग माझ्याही दुर्बिणीतून तो गेला.

अनयनं आकडे प्रोग्रामला दिले. मग तेच पुन्हा एकदा दिले.

"कुठं आलं?"

"नदीच्या पलीकडे. वर, हवेत." त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "ती वस्तू हलत नाही असं धरलं तरच गणित सुटतं. तिथं ती स्थिर उभी आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुलावरून पलीकडे गेलो. हरभऱ्याचं शेत होतं. टॉवर नाही, खांब नाही, झाड नाही. शेतात पाणी देत असलेल्या माणसाला अनयनं विचारलं, "भैया, यहाँ कोई ड्रोन-व्रोन उडाता है क्या?" त्यानं वर पाहिलं, आम्हीही पाहिलं. निळं, कोरडं, रिकामं आकाश होतं. परत येताना आम्ही दोघंही हसलो. का हसलो ते मला सांगता येणार नाही.

मला एक प्रयोग करायचा होता. अनयला मी फ्रीगंजला बोलावलं. माझ्या छतावरून आजवर एकही तारा विनाकारण गेला नव्हता. दोन्ही दुर्बिणी कृत्तिकांवर लावल्या. त्या झुबक्यात पुष्कळ तारे जवळजवळ असतात. काही समोर आलं तर प्रत्येक तारा आपापल्या वेळी जाईल आणि समोर आलेल्या वस्तूची कड मिळेल. हे अनयच्याच डोक्यातलं होतं आणि ते मला फार आवडलं होतं. खाली रस्त्यावर संध्याकाळची गर्दी होती. ऑटोवाले "महाकाल, महाकाल" ओरडत होते. साड्यांच्या दुकानातला पांढरा उजेड समोरच्या भिंतीवर पडला होता.

कृत्तिका एकेक करून जायला लागल्या.

फ्रीगंजमध्ये, माझ्या छतावर, अनय आल्याबरोबर.

प्रोग्राम सुरू झाला. एरवी पडद्यावर बटाट्यासारखे आकार यायचे. पहिल्यांदा तसेच आले आणि गेले. हजारो आकार येऊन पुसले गेले आणि हळूहळू एकच उरला. वर निमुळता, मग एकदम रुंद होणारा, मग सरळ खाली येणारा. अंतर फार नव्हतं. समोरच्या दुकानाच्या पाटीच्या वर, आणखी थोडं पुढे. खाली त्याला कशाचाही आधार नव्हता.

"तुला पण तेच दिसतंय ना?" अनयनं विचारलं.

मी हो म्हटलं.

अंतर कळलं की उंची काढता येते. त्यानं ती काढली आणि आकडा पाहून लॅपटॉप मिटला. "माझी आहे," तो म्हणाला. "माझी उंची."

त्यानंतर त्यानं दुर्बीण कपाटात ठेवली. मला वाटलं, आता संपेल. बघितलंच नाही तर काय दिसणार? पण महिना संपायच्या आत काकूंचा फोन आला. अनय दिवस बुडाला की खोलीतून बाहेर येत नव्हता. खिडक्यांना त्यानं चादरी लावल्या होत्या. इंदूरच्या डॉक्टरांनी डोळे तपासले होते, मेंदूचा फोटोही काढला होता. सगळं नॉर्मल.

"तुझं ऐकतो तो," काकू म्हणाल्या. "येऊन जा ना बेटा. मला त्याच्याकडे पाहवत नाही गं."

मी गेले. अनय पलंगावर भिंतीला पाठ लावून बसला होता. दाढी वाढली होती. मला पाहून त्याला बरं वाटलेलं दिसलं, आणि त्याच वेळी तो सरकून बसला.

"आता दुर्बीण लागत नाही," तो म्हणाला. "नुसत्या डोळ्यांनीच तारे दिसत नाहीत. आधी आकाशाचा एकच तुकडा जायचा, मुठीएवढा. आता मृग अख्खा जातो. आणि अश्लेषा, फ्रीगंजच्या आधीचे सगळे आकडे मी परत चालवून पाहिले. त्या वेळी आकार अरुंद होता. कुणी कडेनं उभं असल्यासारखा."

"मग?"

"आता समोरून आहे."

मी त्याचा हात धरला. मला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त राग येत होता, कशाचा ते माहीत नव्हतं. ज्या मुलानं मला आयुष्यात पहिल्यांदा शनीची कडी दाखवली, तो चादरी लावून बसला होता. "चल वर," मी म्हटलं. "माझ्यासमोर दाखव मला."

तो आला. जिन्यात त्यानं माझा हात सोडला नाही.

छतावर वारा होता, नदीकडून येणारा, बोचरा. दोरीवर कोणाच्या तरी चादरी फडफडत होत्या. शहराच्या उजेडानं आकाश राखाडी होतं आणि त्यात तारे होते. नदीच्या बाजूच्या कठड्यापाशी मात्र नव्हते. तिथं आकाशापेक्षा काळं काहीतरी होतं. छताच्या उंचीवर. कठड्याच्या आतल्या बाजूला.

मी ते पाहिलं. इथं मला काही सिद्ध करायचं नाही. मी ते पाहिलं.

"दिसलं?" अनय कुजबुजला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

मग मी जे केलं त्याचा विचार मी केला नव्हता. रस्त्यावर कुत्रं अंगावर येताना आपण पोराच्या पुढे होतो, तशी मी पुढे झाले. अनय आणि ते, यांच्यामध्ये जाऊन उभी राहिले. तोंड अनयकडे, पाठ तिकडे.

"माझ्याकडे बघ," मी म्हटलं. "फक्त माझ्याकडे."

वारा माझ्या पाठीवर आदळत होता. स्वेटरमधून आत जात होता.

मग तो लागेनासा झाला.

दोरीवरच्या चादरी फडफडतच होत्या. अनयचे केस उडत होते. माझ्या पाठीला मात्र वारा लागत नव्हता.

अनयनं माझ्या खांद्यावरून वर पाहिलं. त्याचं तोंड उघडं राहिलं. "तारे आले," तो म्हणाला. "सगळे. अश्लेषा, सगळे आले!" तो रडत होता, हसत होता. त्यानं खाली बघून आईला हाक मारली. मग त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू तिथंच राहिलं.

तो एक पाऊल मागे सरला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. तू घरी जा. उशीर होईल तुला."

काकूंनी माझ्या हातावर गूळ ठेवला, डोळे पुसले. अनय दारापर्यंत आला, पण स्कूटरपर्यंत आला नाही. आता तो बरा आहे. जेवतो, कामं करतो, रात्री छतावरही जातो म्हणे. माझा फोन उचलत नाही.

मी छतावर जायचं सोडलं आहे. दिवस बुडायच्या आत पडदे ओढून घेते. विक्रांतला सांगितलं, सध्या पेपर तपासायचे आहेत. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. दिवसा मला काही त्रास होत नाही. दिवसा तारेच नसतात.

काल रविवार होता. सकाळी विक्रांत बाल्कनीच्या दाराशी खुर्ची टाकून, उन्हाकडे तोंड करून पेपर वाचत होता. मी स्वयंपाकघरात होते, दूध वर येण्याची वाट पाहत. तिथून मला त्याचा खांदा आणि पेपरचं अर्धं पान दिसत होतं. पानावर ऊन होतं. मग नव्हतं.

"अगं, जरा सरक ना," मान वर न करता विक्रांत म्हणाला. "उजेड अडतोय."

मी जागची हलले नाही.

पानावर ऊन परत आलं.

"हां, बस," तो म्हणाला आणि त्यानं पान उलटलं.