साखळीचं दुसरं टोक

सणाचे सात दिवस खमीर न घातलेली सपाट भाकर खाऊन यरुशलेमेतली माणसं इतकी कंटाळलेली असतात, की सण उलटल्यावर पहिली फुगलेली भाकर बघून त्यांच्या तोंडाला नुसतं पाणी सुटतं. शिफ्राने त्या दिवशी शेजारच्या सिरियन बाईकडून उसनं खमीर आणलं होतं, कारण सणापायी स्वतःच्या घरातलं टाकून द्यावं लागलं होतं. पहिली भाकर भट्टीतून निघाली तशी तिने ती फडक्यात गुंडाळली आणि तुरुंगाची वाट धरली. धाकटा भाऊ मत्तन राजाच्या तुरुंगात शिपाई होता. रात्रीची पाळी संपवून तो दारात येईल, गरम भाकर बघून लहानपणासारखा तिच्यावर झडप घालील, एवढंच तिच्या मनात होतं.

शिफ्रा वहाणा शिवायची. नवरा गेल्यावर त्याची आरी आणि सुया तिने उचलल्या, आणि गल्लीतले पुरुष हसत असतानाच त्यांच्या तुटलेल्या वाद्या शिवून द्यायला लागली. सहा महिन्यांत हसणं थांबलं, कारण तिची शिवण तुटत नव्हती. मत्तनच्या वहाणांना मात्र ती एक जादा गोष्ट करायची. टाचेच्या वादीला आतल्या अंगाने लाल दोऱ्याची एक दुहेरी गाठ मारायची. ती गाठ दुसऱ्या कोणाच्या वहाणेला नसे. ‘लाड आहेत लाड,’ आई म्हणायची.

तुरुंगाचं लोखंडी दार त्या सकाळी सताड उघडं होतं, आणि बाहेर एवढे शिपाई असूनही कोणी बोलत नव्हतं. दारावरचा म्हातारा गदल्या तिच्या बापाचा दोस्त. तिला बघताच त्याने तोंड फिरवलं.

“गदल्याकाका, मत्तन सुटला का पाळीवरून?”

“घरी जा, पोरी.”

“भाकर देते आणि जाते.”

“अगं, कसली भाकर घेऊन बसलीस!” गदल्या दबक्या आवाजात म्हणाला. “तो गालीलचा कोळी, त्या नव्या पंथाचा म्होरक्या, पळाला. आज राजा त्याला लोकांपुढे काढून मारणार होता. दोन शिपायांना साखळीने बांधलेला, दारावर आणखी दोन, आणि सकाळी बघतात तर जागा रिकामी. आता कायदा तुला ठाऊक आहे...”

कायदा शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. कैदी सुटला, तर कैद्याची शिक्षा पहारेकऱ्याला. शिफ्राने भाकरीचं फडकं घट्ट धरलं. 

“कधी?”

“उद्या दुपारच्या शिंगाला. चौघांनाही. तलवार.”

“मला त्याला भेटायचंय.”

“माझी मान जाईल.”

“तुमच्या लेकीच्या लग्नात तिच्या वहाणा कुणी शिवल्या होत्या, काका? मागच्या झरोक्याशी उभी राहते. तुम्ही फक्त इकडे बघू नका.”

गदल्याने तिकडे बघितलं नाही.

झरोका जमिनीलगत होता. शिफ्रा पोटावर आडवी झाली, तेव्हा आतून ओल्या दगडाचा आणि विझलेल्या पलित्याचा वास आला. त्यात आणखी एक वास होता. पाऊस पडून गेल्यावर डोंगरावर येतो तसा, स्वच्छ. तुरुंगात तो कुठून आला, हे तिला कळेना. अंधाराला डोळे सरावल्यावर मत्तन दिसला. त्याच्या मनगटात अजून साखळी होती. साखळीचं दुसरं टोक त्याच्या मांडीवर पडलं होतं. त्या टोकाची बेडी बंद होती, कुलपासकट, आणि आत हात नव्हता.

“ताई,” तो म्हणाला. “मी झोपलो नव्हतो.”

“कोण म्हणतं झोपलास?”

“सगळे म्हणतात. नायक म्हणतो दारू प्यायलास, नाहीतर पैसे खाल्लेस. बाकीचे तिघे झोपले होते, खरंय. मी जागा होतो. आधी उजेड आला... पलित्याचा नाही. मग त्या कोळ्याच्या कुशीत कुणीतरी हाताने ढोसलं. म्हणालं, ऊठ. वहाणांचे बंद बांध. पांघरूण घे आणि माझ्यामागून चल. कोळी उठला. बेडीतून हात असा निघाला... जसा पाण्यातून काढावा. आवाज नाही, काही नाही.”

“तू ओरडला का नाहीस?”

“ओरडता येत नव्हतं. आणि ताई...” मत्तन झरोक्याजवळ सरकला. साखळी खणखणली. “तो उठवणारा परत वळला. कोळी दाराशी पोचला होता, तरी तो वळला आणि माझ्याकडे बघून तेच म्हणाला. ऊठ. वहाणांचे बंद बांध.”

शिफ्राने झरोक्याचा गज धरला.

“मग?”

“मी उठलो नाही.”

“का रे? का नाही उठलास?”

“मी गेलो असतो, तर सकाळी शिपाई कुणाच्या घरी आले असते? तुझ्या आणि आईच्या.” मग जरासं हसून तो म्हणाला, “आणि पहाऱ्यावरच्या माणसाने उठून कसं जायचं, ताई? पगार घेतो मी.”

हसू की त्याच्या मुस्काटात मारू, असं तिला झालं. तिने भाकर गजांमधून आत सारली. ती फुगलेली होती म्हणून अडकली, मग मोडून द्यावी लागली.

“ऐक,” ती म्हणाली. “तो परत आला, तर उठायचं. आमचा विचार करायचा नाही. मी गाढव भाड्याने घेते, बोचकी बांधून ठेवते. तू उठायचं आणि सरळ घरी यायचं. कळलं?”

“तो का येईल माझ्यासाठी? मी त्याच्या माणसाचा पहारेकरी.”

“ते माझ्यावर सोड.”

तिथून ती घरी गेली नाही. कोळ्याची माणसं कुठे जमतात, हे शहरात कोणाला माहीत नव्हतं म्हणतात, पण वहाणा शिवणाऱ्या बाईपासून काय लपणार? वरच्या आळीत एक मोठं घर होतं. संध्याकाळी तिथे अंगणात चाळीस-पन्नास जोड असायचे. मासेमाऱ्याचे, सावकाराचे आणि गुलामाचे, सगळे एका ढिगात. त्यातले निम्मे तिने शिवलेले.

दार बंद होतं. आतून एका दासीचा घाबरा आवाज आला, “कोण?”

“शिफ्रा, वहाणवाली. घरच्या बाईंना बोलाव.”

“बाई कुणाला भेटत नाहीत आज.”

“त्यांना सांग, काल तुम्ही ज्याच्यासाठी रात्रभर प्रार्थना केलीत, त्याच्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला माझा भाऊ होता.”

बराच वेळ काही झालं नाही. मग अडसर निघाला. घरधनीण स्वतः आली होती. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

“तो इथे नाही,” ती म्हणाली. “येऊन गेला. कुठे गेला, आम्हालाही सांगितलं नाही.”

“खरं सांगते बाई, त्याला धरून न्यायलाच आले होते. केसांना धरून ओढत नेलं असतं.” शिफ्राचा आवाज फाटला. “तो नाही, तर मग दुसरं मागते. तुम्ही मागितलंत आणि तुमचा माणूस सुटला. आता माझ्या भावासाठी मागा. मत्तन त्याचं नाव. नाव घेऊन मागा. तुमच्या माणसाचे प्राण वाचले ते त्याच्या मानेवर वाचले आहेत.”

घरधनीण रडायला लागली. शिफ्रा रडली नाही. तिला रडायला उद्या दुपारनंतर वेळ होता.

“मागू,” घरधनीण म्हणाली. “पण तुला एक सांगते. काल आम्ही त्याच्यासाठी मागत होतो, आणि तो दारावर येऊन थापा मारत होता. या पोरीने आवाज ओळखला. आम्ही तिलाच वेड्यात काढलं. म्हटलं, तो नव्हेच, त्याचा दूत असेल.”

हे शिफ्राला समजावून सांगायची गरज नव्हती. प्रत्येक माणसामागे त्याचा एक दूत असतो, त्याच माणसाच्या चेहऱ्याचा, त्याच आवाजाचा. माणूस मेला की तो दूत घरच्यांच्या दारावर येतो, आणि तेव्हा दार उघडायचं नसतं. हे सगळ्यांच्या आया सांगत आल्या होत्या.

“देवाने तुरुंगाचं दार उघडलं,” घरधनीण म्हणाली, “आणि आम्ही आमचं लवकर उघडलं नाही. बाहेर ताटकळत ठेवला. तू तसं करू नकोस. तुझ्या दारावर थाप पडली, तर उघड.”

“आणि खरोखरच दूत असला तर?”

 घरधनीणीने फक्त शिफ्राच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्राने सगळं तयार ठेवलं. आरी, सुया, चामड्याची एक गुंडाळी, आईचं पांघरूण, राहिलेल्या भाकऱ्या. गाढव मागच्या बोळात बांधलं. मग ती दाराला पाठ लावून बसली.

“अगं, शेवटचं तोंड तरी बघून ये त्याचं,” आई कपाळ बडवत होती. “काळजाची आहेस की दगडाची? पोराला तिकडे मारतायत आणि तू दार धरून बसलीस!”

“तो येणार आहे, आई. आला आणि दार उघडायला कुणी नसलं, तर?”

“येड लागलंय हिला. देवा, एक नेतोस आणि दुसरीला येड लावतोस.”

ऊन चढत गेलं. सणाचे पाहुणे परत गेल्याने गल्ली ओस पडली होती. भिंतींच्या सावल्या आखडत आखडत भिंतींच्या बुडाशी गेल्या, आणि मग राहिल्याच नाहीत. कुठे कुत्रं भुंकत नव्हतं. शिफ्राला आपल्याच कानातलं रक्त ऐकू येत होतं. ती मनात एकच गोष्ट म्हणत होती, ऊठ मत्तन, ऊठ, ऊठ.

किल्ल्यावरून शिंग वाजलं. लांबलचक. ते थांबलं तसं आईने पदर तोंडात कोंबला.

आणि दारावर थाप पडली. तीनदा.

“ताई,” बाहेरून आवाज आला. “दार उघड.”

शिफ्रा ताडकन उठली. आईने तिचा हात दोन्ही हातांनी पकडला. म्हातारीच्या बोटांत एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

“नको... शिफ्रा, नको. शिंग झालं. आत्ता झालं... तो नाही तो. त्याचा दूत आहे.”

“ताई...”

“आई, हात सोड.”

“जगात असं कुणी उघडलंय का दार? ऐक माझं...”

“त्या लोकांनी लवकर नाही उघडलं आणि आता पस्तावतात. मी पस्तावणार नाही.” तिने आईची बोटं एकेक करून सोडवली, अडसर उचलला आणि दार पूर्ण उघडलं.

मत्तन उभा होता. केसांत धूळ, अंगावर शिपायाचा मळका अंगरखा, पायांत तिने शिवलेल्या वहाणा. मनगटाला साखळीचा लाल वळ होता. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“उठलास?” शिफ्राने विचारलं.

“उठलो.”

“ये आत.”

ती म्हणाली तेव्हाच त्याने उंबरा ओलांडला. आई भिंतीला चिकटून उभी होती. त्याने तिचा हात हातात घेतला, आणि ती क्षणभर तशीच राहिली. मग तिने मोठ्याने हंबरडा फोडला. “गरम आहे गं! हात गरम आहे त्याचा!” आता शिफ्राही रडली, वेड्यासारखी रडली. मग डोळे पुसून तिने बोचकी उचलली.

ती तिघं यरीहोच्या बाजूला उतरली आणि तिथून उत्तरेला, दमास्कसच्या वाटेला लागली. मत्तन पुढे चालायचा. फारसा बोलत नव्हता, पण तलवारीच्या तोंडातून आलेला माणूस किती बोलणार? भाकर दिली की ‘नंतर खातो’ म्हणून कमरेच्या फडक्यात ठेवायचा. आई दर थोड्या वेळाने त्याचा हात चाचपून बघायची आणि खूश व्हायची.

तिसऱ्या दिवशी तिघं एका विहिरीवर थांबली. आई सावलीला पडली. मत्तन गाढवाला पाणी दाखवायला गेला. तेवढ्यात यरुशलेमेकडून एक फेरीवाला आला. जुने कपडे, जुनी भांडी, असला माल. शिफ्राच्या हातातली आरी बघून तो खूश झाला.

“वा, बाई! देवच पावला. ही एक वादी शिवून द्या. जोड चांगलाय, पण ओढताना टाचेशी उसवला.”

त्याने गाठोड्यातून वहाणा काढून तिच्यापुढे टाकल्या. शिफ्राने सुईत दोरा ओवला, उसवलेली वादी उलटी केली, आणि तिचा हात थांबला.

आतल्या अंगाने लाल दोऱ्याची दुहेरी गाठ होती.

“हा जोड... कुठे मिळाला?”

“राजाच्या तुरुंगाबाहेर. मेलेल्यांचे कपडे, वहाणा तलवारवाल्याचे होतात ना, तो विकतो. परवा चौघांना उडवलं, त्यांतल्या एकाच्या. लोक सांगत होते, बाकीचे तिघे आरडाओरडा करत होते, आणि हा गुडघ्यांवर बसून हसला. शिंग वाजून थांबलं तेव्हा म्हणाला, ताईनं दार उघडलं. बास, एवढंच.” फेरीवाला जरा घुटमळला. “अशुभ वाटत असेल तर राहू द्या, बाई.”

“नाही,” शिफ्रा म्हणाली. “शिवते.”

तिने वादी शिवली. टाके सारखे पडले.  मग तिने आपल्याजवळचं नवं चामडं देऊन तो जोड ठेवून घेतला, आणि फेरीवाला खूश होऊन आपल्या वाटेने गेला.

मत्तन गाढव घेऊन परत आला. त्याच्या पायांत तोच जोड होता. त्याने पाय उचलला तेव्हा टाचेशी लाल दोरा दिसला. सावलीत झोपलेल्या आईच्या अंगावर त्याने हलक्या हाताने पांघरूण सारखं केलं, आणि तिने झोपेतच त्याचा हात धरला. शिफ्रा बघत राहिली. डोंगरावरच्या पावसाचा तो स्वच्छ वास आला, आणि आभाळात तर एक ढग नव्हता.

तिच्या मांडीवरच्या वहाणांकडे त्याने पाहिलं. मग तिच्याकडे. चेहरा मत्तनचाच होता, लहानपणी भट्टीशी भाजलेल्या भुवईसकट.

“ऊठ,” तो म्हणाला. “वहाणांचे बंद बांध. पांघरूण घे आणि माझ्यामागून चल.”

शिफ्राने मेलेल्या भावाचा जोड बोचक्याच्या तळाशी ठेवला. आईला उठवलं. मग खाली बसून तिने आपल्या वहाणांचे बंद बांधले, नेहमीसारखे घट्ट, दुहेरी. तो तोवर थांबून राहिला.

तिने त्याला काही विचारलं नाही. दार तिनेच उघडलं होतं, आणि ये आत, असंही तीच म्हणाली होती.