गोड्या पाण्याचा थर

बहात्तर सालच्या उन्हाळ्यात सुरतेच्या कतारगामात आमची मागवाल्यांची चाळ इतकी कोरडी पडली होती, की चिमण्या आमच्या घामाच्या थेंबांवरून भांडायच्या. खोटं वाटत असेल तर चिमण्यांना विचारा!

अशा दुपारी हिलालआबा तळहातावर नारळ आडवा ठेवून अंगणात फिरत होते. पोटाला मागाचं काम, पण रक्तात खानदेशी पाणाड्या. नारळ उभा राहील तिथं विहीर! मागं त्यांची लेक सुंदरा. एकाएकी नारळ निसटला... घरंगळला... आणि एका धुळकट बुटाला जाऊन टेकला.

बूट सुधाकरचा. जमिनीखालचं पाणी तपासणाऱ्या सरकारी ऑफिसातला पोरगा.

"तुमच्या बुटाखाली पाणी आहे वाटतं," सुंदरा हसली.

"आहे की. पण थराथरानं..." तो अडखळला. "आधी नुसती ओल. त्याखाली गोडं पाणी. आणि त्याच्याही खाली — खाडीचं खारं."

"इतकं खोल दिसतं? मग समोरचं माणूस दिसतं का?"

दिसलं. असं दिसलं, की तेच अंगण तो रोज नव्यानं मोजू लागला.

पण आबांनी भर चाळीत शब्द दिला होता — पाणी नाही लागलं तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बिऱ्हाड गावी, आणि सुंदराचं लगीन गावच्या दगा पाटलाच्या घरात. हे ऐकल्यापासून सुधाकर रात्रीही कंदील घेऊन अंगण मोजू लागला.

आखाजी उद्यावर आली. अंगणात खणायला घेतलेल्या विहिरीत चाळीतला गुजराती मगन टिकाव चालवत होता. भिंती ओल्या, माती हाताला गार, पण बादली कोरडीच. आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"संपलं. गाठोडं बांध, पोरी."

"आबा, ही ओल खालून वर चढलीय," सुधाकर म्हणाला. "पाणी हिच्या खालीच आहे. दोन हात खणा."

टिकावाचा आवाज... पुन्हा आवाज... सुंदरानं ओठ घट्ट दाबून धरले. आणि खालून मगन ओरडला, "आवी गयुं! पाणी!"

पहिली ओंजळ सुंदरानं तोंडाला लावली. सारी चाळ तिच्या गळ्याकडं बघत होती.

"गोड..."

आबा उडालेच. "खणा! अजून खणा! खाली समुद्र भरलाय!"

"तेच तर!" सुधाकर आडवा झाला. "हे गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतंय, आबा. आणखी खाली गेलात तर खारं वर येईल, विहीर हातची जाईल."

"तू कोण रे भो, माल्हे शिकाडणारा? मगन, हाण!"

मगननं टिकाव उचलला. सुंदरानं बादलीचा दोर सोडला आणि ती थेट काठावर जाऊन बसली, पाय आत सोडून.

"आता हाण म्हणा, आबा."

"सुंदरे! ऊठ तिथून! त्याचं का ऐकू मी?"

"कारण..." तिचा आवाज चिरकला. सुधाकरकडं न बघता ती म्हणाली, "मला गावी नाही जायचं. जिथं हा बूट घालून उभा राहतो ना... तिथं राहायचंय."

सुधाकर पुढं आला, तिच्या शेजारी काठावर बसला आणि त्यानंही पाय आत सोडले. बूट काढून!

आबांनी टिकाव वर मागवला. मग नारळ उचलला, तळहातावर आडवा ठेवला आणि दोघांच्या पाठीमागं आले.

नारळ ताडकन उभा राहिला.

आता तो आपणहून राहिला की आबांनी अंगठ्यानं टेकू दिला, हे मला विचारू नका. मी त्यांच्या शेजारीच होतो... आणि नेमका तेव्हाच मी डोळे पुसत होतो.