एकशे बेचाळीस

सरकी पेंडीची दोनशे पोती आष्ट्याहून म्हसवडला पोचवायची, एवढंच दादासोचं काम होतं. पहाटे पाचला दुकानदार हमाल घेऊन दारात उभा राहणार, त्याच्या आत गाडी लागायला हवी होती. मुजीब, दार लोटून घे, वारं येतंय. आणि शिवतेज, मघाशी जेवताना तू हसत हसत म्हणालास ना, नाकाबंदी दिसली की दोघांनी जागा बदलायच्या… त्यावरूनच मला हे आठवलं. बस इथं.

गेल्या वर्षीची गोष्ट. अठ्ठावीस नोव्हेंबर, शुक्रवार. दादासो माझ्या ओळखीतला, आम्ही एकाच मालकाच्या गाड्या चालवल्या. बोलणं कमी, गाडीवर हात चांगला, आणि नऊ वर्षांत दारूचा थेंब घेतला नव्हता. नऊ वर्षांपूर्वी त्याचा जोडीदार आकाराम कुंडलच्या पुढच्या चढावर अपघातात गेला. हसरा गडी होता. जॅकचा दांडा लागून वरचा पुढचा एक दात पडलेला, आणि तोंडात सदा आगपेटीची काडी, चावून चावून चोथा केलेली. त्या रात्री तो पिऊन गाडी चालवत होता. दादासो शेजारी झोपला होता. निदान दादासोनं तसं पोलिसांना सांगितलं, आकारामच्या बायकोला, अंजनाला सांगितलं, आम्हालाही सांगितलं. तेव्हापासून तो रात्रीचा त्या रस्त्यानं जात नसे. वळसा पडला तरी दुसरी वाट धरायचा. त्या शुक्रवारी मात्र दुसऱ्या वाटेवर पुलाचं काम निघालं होतं.

निघताना मालक म्हणाला, "नाकाबंद्या लय वाढल्यात. फुंकायच्या मशीनवर आकडा तीसच्या वर गेला की गुन्हा, लायसन गेलं, गाडी ठाण्यात. तसं झालं तर मला फोन करू नगंस. किल्ली ठेवायची आन् घरी बसायचं."

"मालक, मी पितो व्हय?"

"सगळं असंच म्हणत्यात, गड्या."

दादासोला ते लागलं. बावन्न वर्षांचा माणूस, स्टेअरिंगशिवाय दुसरं काही येत नाही. नऊ वर्षं तोंड कोरडं ठेवून त्याला मिळालं काय, तर हे.

आष्ट्याबाहेर पहिली नाकाबंदी. फुंकलं. शून्य. दहा-बारा मैलांवर दुसरी. पुन्हा गाडी बाजूला, पुन्हा कागद, पुन्हा फुंका. शून्य. शेजारून लग्नाच्या मोटारी चालल्या होत्या, काचा खाली, आत गाणी, आरडाओरडा. त्यांना हात हलवून सोडत होते.

"आमच्याच तोंडाला वास येतो व्हय सायेब?"

"चल, चल. लय बोलू नगंस."

कुंडल मागं पडलं तेव्हा अष्टमीचा अर्धा चंद्र बुडत आला होता. बाराला पाच कमी. चढ सुरू झाला.

त्या वळणावर ओळखीचे ड्रायव्हर आकारामसाठी एकदा हॉर्न देऊन जातात. दादासोनं हात हॉर्नवर नेला. दाबला नाही. गाडी तशीच पुढं काढली.

मग केबिनमध्ये गार वाटायला लागलं. काचा वर होत्या, तरी. आणि वास आला… देशीचा.

त्यानं शेजारच्या सीटकडं पाहिलं. कुणी नाही.

कट… कट… कुणीतरी काडी चावत होतं.

त्यानं पुन्हा पाहिलं नाही.

चढ संपल्यावर फाट्यावर उजेड दिसला. बॅरिकेड, जीप, दोन-तीन पोलीस. दादासोला आयुष्यात पहिल्यांदा नाकाबंदी बघून बरं वाटलं. राजेश्वरी नावाची पोलीसबाई पुढं आली. सीलबंद पाकीट फोडून तिनं मशीनला नवी नळी लावली.

"फुंका काका. लांब फुंका."

मशीन वाजलं. तिनं आकडा वाचला.

"एकशे बेचाळीस."

"आँ?"

"एकशे बेचाळीस, काका. पुरा खंबा रिचवलाय का?"

"मॅडम, पोरांची शपथ. नऊ वर्षं थेंब न्हाई. आत्ता दोन ठिकाणी शून्य आलंय, विचारा फोन करून!"

"सात वर्षं मी हेच ऐकते. कुणी खोकल्याचं औषध घेतलेलं असतं, कुणी उसाचा रस."

"तुमचं मशीन खोटं हाय!"

राजेश्वरीनं दुसरं पाकीट फोडलं आणि स्वतः फुंकलं. शून्य. तिनं ते त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. मग तिसरं पाकीट फोडलं, दिव्याखाली, त्याला दाखवून.

दादासो फुंकला. छाती दुखेपर्यंत फुंकला.

एकशे बेचाळीस.

"किल्ली द्या, काका."

किल्ली त्याच्या मुठीत होती. मूठ उघडेना. रागानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सरळ चालून दाखवू? पाढे म्हणू? तोंडाचा वास घ्या माझ्या! तो असं काहीबाही बोलत होता, आणि ती पावतीपुस्तक काढत होती. तिचं तरी काय चुकत होतं? कागदावर आकडाच लिहायचा असतो.

आकडा…

दादासो बोलायचा थांबला.

हा आकडा त्यानं आधी ऐकला होता. नऊ वर्षांपूर्वी, कोर्टात. आकारामच्या रक्ताचा कागद वाचला तेव्हा. एकशे बेचाळीस.

तो मागं वळला. केबिनचं दार उघडं होतं. आत अंधार. त्या अंधाराकडं बघून तो हळू बोलायला लागला.

"आक्या… मी झोपलो नव्हतो रं."

राजेश्वरीचं पेन थांबलं.

"खाली नाकाबंदी दिसली. तुला उभं राहवत नव्हतं. मीच म्हणलं, सरक तिकडं, मी बसतो. तुझ्या जागी मी फुंकलो. शून्य आलं. त्यांनी सोडलं. पुढं गेल्यावर तू म्हणलास, माझी गाडी हाय, ऊठ. आन् मी… उठलो."

दादासोनं केबिनच्या दाराकडं एक पाऊल टाकलं.

"त्या रात्री मी फुंकलो नसतो तर तुला धरलं असतं. ठाण्यात बसला असतास… जिता राहिला असतास."

कट… कट…

मग तेही थांबलं.

राजेश्वरीनं चौथं पाकीट फोडलं. दादासो फुंकला.

शून्य.

तिनं मशीन झटकलं, पुन्हा पाहिलं. "आता मी काय लिहू ह्यात? ह्या मशीनला काय धाड भरलीय!" आणि आवाज उतरवून म्हणाली, "जावा काका. हळू जावा."

तो वळला तेवढ्यात तिनं हाक मारली. वापरलेल्या नळ्या तिनं जीपच्या बॉनेटवर ओळीनं ठेवल्या होत्या. त्यातली तिसरी तिनं उचलली.

"नळी अशी चावता कशाला ओ?"

दादासोनं दात लावलेच नव्हते. त्यानं ती नळी तिच्या हातातून घेतली आणि खिशात घातली.

गाडी पाचाच्या आत म्हसवडला लागली. परतताना तो घरी गेला नाही. आष्ट्यात अंजनाच्या दारात जाऊन बसला, आणि नऊ वर्षं गिळलेलं सगळं तिला सांगितलं. ती रागावली नाही, रडलीही नाही. त्यानं पुढं केलेली नळी घेतली, अंगठ्यानं चाचपली आणि देवळीतल्या आगपेटीशेजारी ठेवली.

तिथंच आहे ती अजून. मी हातात घेऊन पाहिलीय. टोकाला दातांचे खोल वण आहेत, एकाला एक लागून… आणि वरच्या बाजूला, बरोबर मधोमध, एका दाताएवढी जागा कोरी.