दांडी पाचव्या भोकात

"कयाक आजही ओली!" मुंगी शेडमधून ओरडली. "आणि आपली लाइफ जॅकेटं कोरडी ठणठणीत!"

"हळू बोल! आत्या ऐकेल," तिचा चुलतभाऊ भोपळा पुटपुटला.

आत्या दारातच उभी होती. "ऐकलं! जॅकेटशिवाय होडी पाण्यात गेली, तर सुट्टीभर छताला टांगायची, असं ठरलं होतं ना?"

"आम्ही नेलीच नाही!"

"मग कोणी नेली? उद्या सकाळपर्यंत सांगा. नाहीतर टांगलीच!"

महिनाभर आजोबांच्या हाताखाली खपून दोघांनी ती कयाक बांधली होती. प्लायवूडच्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवल्या, सांध्यांत राळ भरली, घासून घासून बोटं सोलवटली. सगळं शिकवलं आजोबांनी, पण स्वतः एकदाही बसले नाहीत. "आजी गेल्यापासून पाण्यावर जावंसं वाटत नाही," एवढंच म्हणायचे.

मुंगीने कयाकमध्ये डोकं घातलं. "भोपळ्या, पाय टेकायची दांडी बघ! आपण दुसऱ्या भोकात लावतो. ही पाचव्यात आहे!"

"म्हणजे चोराच्या तंगड्या लांब!"

दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. एवढ्या लांब तंगड्या घरात एकाच माणसाच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघं शेडमागे दबा धरून बसले. होडीच्या शेपटाला गळाची जाड दोरी बांधली होती, रीळ भोपळ्याच्या हातात. होडी पाण्यात सरकली. रीळ किर्रर्र करत सुटलं!

"आता गुंडाळ!"

होडी उलटी सरकत काठाला आली. आत आजोबा! हातात वल्हं, अंगात नुसता सदरा.

"बाप रे! केवढा मासा!" भोपळा म्हणाला.

आजोबा खो खो हसले. मग त्यांनी नदीच्या वळणाकडे वल्हं रोखलं. "त्या वळणावर मी आणि तुमची आजी गळ टाकून बसायचो. तुम्ही होडीचा हट्ट धरला नसतात, तर मी पुन्हा तिथे गेलोच नसतो. फार बरं केलंत, पोरांनो."

आवाज ऐकून आत्या धावत आली. "बाबा, तुम्ही?" तिने मुलांच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! उगाच तुमच्यावर चिडले मी. पण बाबा, नियम तुम्हालाही आहे हं!" ती आत जाऊन एक जुनं लाल जॅकेट घेऊन आली. "आईचं आहे. घट्ट होईल तुम्हाला."

"होऊ दे," आजोबा म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केले.

मुंगीने पट्टे लावले. दांडी मात्र तिने पाचव्या भोकातच राहू दिली.