घोड्याची शिवण

चकियाच्या जंगलापलीकडे, विंध्यातल्या एका उभ्या कड्याच्या कपारीत, एक नेचा वाढत होता. तो मिळवायचा, एवढ्यासाठी १९६४ सालच्या जानेवारीत तिघंजण बनारसहून निघाले होते.

तो नेचा पहिल्यांदा पाहिला सुमेधाने, खालच्या ओढ्यातून, दुर्बिणीने. रामघाटावरच्या वैदिकांच्या घरातली ही मुलगी विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायची. बोलायची कमी, मोजायची जास्त. आदल्या वर्षीही एक नेचा तिनेच आधी पाहिला होता. पण कड्यावर चढून तो आणला तिच्याच विभागातल्या मृणालिनीने, आणि शोधनिबंधावर नाव लागलं ते एकट्या मृणालिनीचं. तेव्हापासून मृणालिनी नुसती हसली तरी सुमेधाचा जळफळाट व्हायचा.

कड्यावरून उतरायला चामड्याचा कमरपट्टा शिवून घ्यायची कल्पनाही मृणालिनीचीच. दशाश्वमेधच्या मागच्या गल्लीत गोपीनाथ नावाचा कारागीर एक्के-टांग्यांच्या घोड्यांचे साज करायचा. त्याच्याकडून तिने जाड दोऱ्याचा, लांब टाक्यांचा पट्टा करून घेतला. विभागात सगळ्यांनी तो हातात घेऊन पाहिला, वाखाणला. दुसऱ्याच दिवशी सुमेधा गोपीनाथच्या दुकानात हजर!

"मला तिच्याहून सुबक हवा. टाके बारीक, अगदी लागून लागून. आणि दुहेरी ओळ."

गोपीनाथने आरी खाली ठेवली. "बहनजी, इतने छेद..."

"कामाचा कंटाळा करू नका. मी सांगते तसंच करा."

"जैसा हुकुम."

पट्टा झाला, तो दागिन्यासारखा. कड्याच्या माथ्यावर सुमेधाने तो कमरेला बांधला, तेव्हा मृणालिनी म्हणालीच, "काय गं, लग्नाला निघालीस का?"

"तुझ्यासारखी एक्क्याला जुंपून तर नाही ना निघाले!"

"भांडण खाली उतरून करा," यज्ञेश्वरकाका म्हणाले. विभागातल्या वाळवलेल्या वनस्पतींची कपाटं सांभाळण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. गालातलं पान न हलवता त्यांनी दोन दोर सालईच्या बुंध्याला वेढे देऊन घेतले, एक सुमेधाचा, एक मृणालिनीचा. "आणि सांभाळून हं. दगड एकदम चिकना आहे."

मृणालिनी निम्म्या उंचीवरच्या कंगोऱ्यावर थांबली. सुमेधा तिला ओलांडून खाली गेली. समोर सागाची निष्पर्ण झाडी दूरवर पसरली होती, तळाशी ओढ्याचं पाणी उन्हात बारीक चमकत होतं, आणि कड्याच्या अंगातून झिरपणारा ओलावा तिच्या बोटांना गार लागत होता. आणखी तीन हात. दोन हात. नेचा दिसला! पानाच्या पाठीवर बीजाणूंच्या तपकिरी रांगा. या वेळी नाव माझं, तिच्या मनात आलं. फक्त माझं!

तिने अंग मागे टाकून हात लांबवला. सगळा भार पट्ट्यावर आला.

टर्र!

दोर अडकवलेली कडी पट्ट्यातून सुटली. दोर हिसडा खाऊन बाजूला गेला. सुमेधा घसरली! एक हात. दोन हात. उजव्या हाताला एक मूळ लागलं. तिने ते धरलं. पाय हवेत!

"काका, मला सोडा खाली! लवकर!" वरून मृणालिनी ओरडली.

मूळ कुरकुरलं. माती डोळ्यांत पडली. नेचा आता डोक्यावर होता, डाव्या हाताच्या टप्प्यात. तेवढ्यातही सुमेधाची नजर तिकडे गेली!

"तो सोड! माझा हात धर, मूर्ख!"

सुमेधाने हात धरला. मृणालिनीने कड्याला पाय रोवले, लोंबकळणारा दोर ओढून घेतला आणि सुमेधाच्या काखेखालून आवळून बांधला. दोघींचा भार काही क्षण त्या बेढब पट्ट्यावर होता. तो जरासुद्धा हलला नाही.

माथ्यावर आल्यावर सुमेधाने फाटका पट्टा मांडीवर घेतला. दोरा कुठेच तुटला नव्हता. फाटलं होतं ते चामडं, टाक्यांच्या भोकांवरून, टपालाची तिकिटं फाटतात तसं सरळ. एका इंचात तिने बारा भोकं मोजली. मृणालिनीच्या पट्ट्यात चार होती.

"गोपीनाथला चांगला फैलावर घेऊ," काका संतापून म्हणाले. "असं काम करतात?"

सुमेधाला दुकानातले त्याचे शब्द आठवले. इतने छेद... पुढचं वाक्य तिने त्याला पुरं करू दिलं नव्हतं.

मृणालिनीने स्वतःचा पट्टा सोडून तिच्यापुढे धरला. "अजून उजेड आहे. हा घाल आणि जा. तुला दिसलाय, तूच आण."

सुमेधाने हात पुढे केला. पट्ट्याला लागण्याआधीच तो मागे घेतला. मुळाला लोंबकळत असतानाही तिची नजर नेच्याकडेच गेली होती. मग जे म्हणायला तिला कड्यावर लोंबकळण्यापेक्षा जड गेलं, ते ती म्हणाली, "तू जा. मी काकांबरोबर दोर धरते. एकच पान काढ. मुळाला हात लावू नकोस."

दोर तळव्यांतून सरकत राहिला. मृणालिनीचं सगळं वजन तिच्या हातांत होतं. नेच्याकडे जाणारं प्रत्येक बोटभर अंतर सुमेधाला स्वतः सोडावं लागत होतं, आणि ते ती मोजून सोडत होती.

"मिळालं!" खालून हाक आली. सुमेधाने ओठ घट्ट मिटले आणि पकड आणखी आवळली.

संध्याकाळी पान कागदात दाबताना चिठ्ठी तिनेच लिहिली: 'पाहिलं, सुमेधा. काढलं, मृणालिनी.' मृणालिनीने ती वाचली आणि पानाची दुमडलेली कड सरळ केली.

बनारसला परतल्यावर सुमेधाने फाटका पट्टा गोपीनाथपुढे ठेवला. त्याने भोकांवरून अंगठा फिरवला. त्याचा चेहरा उतरला. "गलती मेरी है, बहनजी. जानता था, फिर भी बना दिया."

"मी बोलू दिलं नाही तुम्हाला. आता नवा करा. घोड्याच्या शिवणीचा." ती वळली, पायरीवर थांबली, आणि मागे न पाहता म्हणाली, "पण तिच्यापेक्षा दोन बोटं रुंद!"